तारप्याचा फेर आणि रॉकचा प्रश्न

रॉक संगीताच्या रसिकांमध्ये एक प्रश्न दर दहा-पंधरा वर्षांनी नव्या आवेशाने विचारला जातो: आता पूर्वीसारखे थोर तरुण बँड निपजतात का? विचारणारा बहुधा चाळिशी ओलांडलेला असतो आणि ज्यांना तो थोर म्हणतो ते बँड त्याने स्वतःच्या विशीत ऐकलेले असतात. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सबाथची अखेरची मैफल झाली आणि त्यानंतर सतराच दिवसांनी त्या बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न निवर्तला, तेव्हा हा प्रश्न पुन्हा एकदा जगभर चर्चिला गेला. त्याची उत्तरेही ठरलेली असतात. कुणी म्हणते, संगणकावर एकट्यालाच सगळे वाजवता येऊ लागल्यावर चार जणांनी एका खोलीत जमण्याची गरज उरली नाही. कुणी म्हणते, रॉकचे काम हिप-हॉपने हाती घेतले. कुणी तर नव्या पिढीच्या माथी दोष मारून मोकळे होतात.

या प्रश्नाचा विचार पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतून करून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा प्रस्ताव आहे. प्रथमदर्शनी तो वाचकांना चमत्कारिक वाटेल. चिकूच्या वाड्या, फुगे बनवणारे छोटे कारखाने, वारली पाडे आणि मच्छीमारांच्या वस्त्या यांच्या या मुलखाचा इलेक्ट्रिक गिटारशी काय संबंध? संबंध असा की, रॉकबाबत जो प्रश्न लंडन-न्यूयॉर्कमध्ये विचारला जातो, नेमका तोच प्रश्न इथे तारपा या वाद्याबाबत विचारला जातो. आता पूर्वीसारखे तारपकरी होतात का? रॉकच्या बाबतीत या प्रश्नाभोवती कंपन्या, मासिके, पुरस्कार आणि जाहिराती यांचे इतके दाट धुके आहे की मूळ कारणे दिसत नाहीत. तारप्याच्या बाबतीत ते धुके नाही. एखादे संगीत तरुण हातांत कशामुळे टिकते आणि कशामुळे निसटते, हे इथे उघड्या डोळ्यांना दिसते.

वाद्य आणि फेर

ज्यांनी तारपा जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन आवश्यक आहे. वाळवलेला दुधी भोपळा हे या वाद्याचे पोट. भोपळ्याच्या एका बाजूने फुंकायचे. दुसऱ्या बाजूला बांबूच्या दोन नळ्या बसवलेल्या असतात, त्यांच्या आत कंप पावणाऱ्या जिभा आणि बाहेर बोटांसाठी छिद्रे. नळ्यांच्या टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब कर्णा. सांधे मेणाने बुजवलेले. दुकानातून आणावे असे त्यात काही नाही. वेल, बांबू, ताड आणि मोहोळ एवढी सामग्री गावाच्या शिवारात असली म्हणजे झाले. वाजवणारा गालांत हवा धरून ठेवतो आणि नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. तासन् तास न तुटणारा हा सूर हेच या वाद्याचे सामर्थ्य आहे.

पण तारपा हे ऐकण्याचे वाद्य नाही, नाचण्याचे आहे. भात तयार होण्याच्या सुमारास, पावसाळा ओसरल्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत, रात्री पाड्यावरच्या मोकळ्या जागेत तारपकरी उभा राहतो आणि बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती साखळी धरतात. साखळीच्या टोकाशी काठी आपटणारा म्होरक्या असतो. तारपकरी वळला की साखळी वळते, त्याने चाल बदलली की पाऊल बदलते. नाचताना तारप्याकडे पाठ करायची नाही असा संकेत आहे. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतील ती प्रसिद्ध नागमोडी रांग, जी आज चादरींपासून चहाच्या कपांपर्यंत सर्वत्र आढळते, ती हीच.

या मांडणीत तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे, वादक आणि श्रोते यांच्यात मंच नाही. वादकाची परीक्षा टाळ्यांनी होत नाही, पाय थांबतात की चालू राहतात यावरून होते. दुसरी, वादन घटकाभराचे नसते, रात्रभराचे असते. एका रात्रीत तीच चाल इतक्या वेळा येते की चुका पचवायला आणि सुधारायला भरपूर अवसर मिळतो. तिसरी, शिकणारा मुलगा वेगळ्या वर्गात बसत नाही. तो आधी साखळीत नाचतो, चाली त्याच्या पायांत मुरतात, आणि मग कधीतरी बापाचा किंवा चुलत्याचा तारपा त्याच्या हातात येतो. रात्र, फेर आणि शेजारी उभा असलेला थोरला वादक या तिन्हींचा मिळून एक कारखाना होता आणि तारपकरी हे त्याचे उत्पादन होते.

रॉकचे खळे

आता हीच तीन मापे रॉकच्या इतिहासाला लावून पाहावीत. १९६० च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलमधील पाच मुले जर्मनीतील हॅम्बुर्गच्या बदनाम वस्तीत वाजवायला गेली. तेव्हा ती थोर तर नव्हतीच, बरी होती की नाही याविषयीही मतभेद आहेत. १९६२ पर्यंत त्यांनी तिथे अनेक मुक्काम केले. दारू पिऊन बसलेल्या खलाशांसमोर रात्री सहा-सहा, सात-सात तास वाजवायचे असा तिथला करार होता. पुढे लिव्हरपूलच्या कॅव्हर्न या तळघरात त्यांनी तीनशेच्या आसपास कार्यक्रम केले. बीटल्स ही चार जणांची प्रतिभा होती यात शंका नाही. पण त्या प्रतिभेला बँड होण्यासाठी किती रात्री लागल्या हे आकडे सांगतात.

न्यूयॉर्कमधील सीबीजीबी हा असाच एक अरुंद, अस्वच्छ बार. तो १९७३ च्या डिसेंबरात उघडला आणि २००६ च्या ऑक्टोबरात बंद झाला. मालकाला मुळात तिथे ग्रामीण ढंगाचे अमेरिकन संगीत हवे होते. ते काही जमले नाही, पण वाजवणाऱ्यांनी स्वतःची गाणी वाजवावीत एवढा आग्रह त्याने धरला. रामोन्स, टेलिव्हिजन, पॅटी स्मिथ, ब्लाँडी, टॉकिंग हेड्स या सर्वांची सुरुवातीची वर्षे त्या एका खोलीत गेली. एका शहरातील एका रस्त्यावर एकाच वेळी एवढी प्रतिभा आकाशातून पडली असे मानायचे असेल तर मानावे. अधिक सोपा खुलासा असा की, तिथे एक खोली होती आणि त्या खोलीत वाईट वाजवण्याची मुभा होती.

आजच्या काळातले उदाहरण हवे असेल तर दक्षिण लंडनमधील ब्रिक्स्टन भागातल्या विंडमिल या छोट्याशा पबचे घ्यावे. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्लॅक मिडी, ब्लॅक कंट्री न्यू रोड, स्क्विड असे एकापाठोपाठ एक तरुण बँड तिथून पुढे आले. तिकडे डब्लिनच्या फाँटेन्स डीसीने आणि न्यूयॉर्कच्या गीस या बँडने टीकाकारांना पुन्हा तेच जुने विशेषण वापरायला लावले. गीसचा २०२५ मधील संग्रह तर विशीतल्या मुलांचा आहे. तेव्हा थोर तरुण बँड निपजतात का, या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र ते सगळीकडे निपजत नाहीत. जिथे खळे शाबूत आहे तिथे निपजतात.

खळे हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. धान्य शेतात पिकते हे खरे, पण दाणा आणि भुसकट वेगळे होते ते खळ्यावर. प्रतिभेचेही तसेच आहे.

धोबी तलावाचे उघडे नाट्यगृह

डहाणू रोड स्थानकापासून चर्चगेट सुमारे १२० किलोमीटरवर आहे. २०१३ पासून उपनगरी गाडी थेट डहाणूपर्यंत धावते. या लोहमार्गाच्या दक्षिण टोकाशीही एक खळे होते, त्याची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मुंबईत रॉक १९६० च्या दशकापासून वाजत होते. सिम्ला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी देशभरच्या बँडांच्या स्पर्धा भरवल्या गेल्या आणि १९७० व १९७१ साली त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. मराठी घरांतली मुलेही त्या वर्तुळात होती. आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे हे त्यांपैकी सर्वांत परिचित नाव. १९७० च्या दशकात इंग्रजी रॉक ऑपेरात गाणारा हा गायक १९७८ साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मध्ये मराठी रंगभूमीवर आला, तेव्हा रॉकचा गळा मराठी शब्दांना पेलतो हे प्रेक्षकांनी प्रत्यक्ष ऐकले.

धोबी तलावाजवळचे रंगभवन हे उघडे नाट्यगृह या मंडळींचे खळे ठरले. १९७८ साली तिथे जॅझ यात्रा भरली. १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास होणारा इंडिपेंडन्स रॉक हा मेळा तिथे रुजला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९९३ पासून इंडस क्रीड या नावाने ओळखल्या गेलेल्या रॉक मशीनचा मोठा श्रोतृवर्ग याच काळातला. महाविद्यालयातली पोरे स्वस्तात आत शिरत, आपल्याच वयाच्या पोरांना वाजवताना पाहत आणि घरी जाऊन गिटार मागत. पण रंगभवनाच्या शेजारी महाविद्यालय होते, रुग्णालये होती. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात आणला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत रंगभवनातले रॉक बंद पडले. नियम अन्यायाचा होता असे म्हणता येत नाही. रुग्णाला झोप हवीच. पण शहराने एक जागा काढून घेतली आणि तिच्या बदल्यात दुसरी दिली नाही, हेही तितकेच खरे.

त्यानंतर मुंबईतले बँड संपले नाहीत. डेमॉनिक रिसरेक्शन, भयानक मौत, स्क्राइब हे २००० नंतरचेच. २०१० मध्ये पुण्यात एनएच७ वीकेंडर सुरू झाला. पण महोत्सव आणि खळे यांत फरक आहे. महोत्सवात वर्षातून एकदा पाऊण तास मिळतो, तोही आधीच तयार असलेल्याला. अर्धवट तयार असलेल्याला दर शनिवारी अर्धा तास देणारी जागा महोत्सवाच्या झगमगाटात हरवून जाते.

इथे एक आक्षेप येऊ शकतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. दिल्लीचा ब्लडीवूड हा बँड २०१६ च्या सुमारास घरात बसून केलेल्या विडंबनाच्या चित्रफितींतून पुढे आला. त्याला कुठले खळे होते? उत्तर असे की, चित्रफितींनी त्याला ओळख दिली, पण ढोल आणि जड गिटार यांचा मेळ घालणारा एक कसलेला बँड म्हणून तो उभा राहिला तो २०१९ मध्ये जर्मनीच्या वाकेन महोत्सवात आणि त्यापुढच्या दौऱ्यांत. पडद्यावर नाव होते. बँड होण्यासाठी मात्र समोर माणसे लागतात.

खळ्यावरची रात्र कुणी नेली?

आता गाडी पुन्हा उत्तरेकडे वळवू. डहाणू-तलासरीच्या इतिहासात रात्र कुणाच्या मालकीची, हा प्रश्न जुना आहे. के. जे. सावे यांचे वारल्यांवरील इंग्रजी पुस्तक १९४५ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी २३ मे रोजी, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार करणार नाही अशी शपथ घेतली गेली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात हा लढा लिहून ठेवला आहे. वेठबिगारीत माणसाचा दिवस तर सावकाराचा होताच, पण हाक आली की रात्रही त्याचीच. स्वतःच्या वेळेवर स्वतःचा हक्क, हा त्या लढ्याचा गाभा होता. म्हणून भातकापणीच्या दिवसांत रात्रभर नाचणे ही निव्वळ करमणूक मानणे बरोबर नाही. आपली रात्र आपली आहे हे त्यात दरवर्षी सांगितले जात होते.

ही रात्र पुढे गेली ती कुणी हिरावून नेली म्हणून नव्हे. ती तुकड्यातुकड्यांनी विकावी लागली. १९६० च्या राज्यविभागणीत उंबरगावचा प्रदेश गुजरातेत गेला आणि तलासरी महाराष्ट्राच्या सीमेवर उरली. सीमेपलीकडे उंबरगाव आणि वापी येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. तलासरीच्या पाड्यांवरची मुले तिथे पाळ्यांमध्ये काम करू लागली. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रात्रपाळी. एका पाड्यावरचे दहा जण एका रात्री घरी असणे हाच योगायोग झाला. किनाऱ्याकडच्या तरुणांपैकी अनेक जण पावसाळा ओसरू लागताच खलाशी म्हणून वेरावळ, पोरबंदर, ओखा येथील बोटींवर जातात. नेमका तोच तारप्याचा मोसम. उरलेल्यांपैकी काही भातकापणी आटोपली की बांधकामांवर आणि वीटभट्ट्यांवर निघतात.

तारप्याला कुणी बंदी केली नाही. मंदिराने नाही, शाळेने नाही, चित्रपटगीतांनीही नाही. फेराला एकाच वेळी तीस-चाळीस मोकळी माणसे लागतात आणि तेवढी मोकळी माणसे आश्विनातल्या एका रात्री पाड्यावर राहिली नाहीत, इतकेच. फेर नाही तर नाचत नाचत शिकणारा पोर नाही, आणि पोर नाही तर वीस वर्षांनी तारपकरी नाही. वादकांचा दुष्काळ दिसतो तो शेवटी. त्याची सुरुवात नाचणाऱ्यांच्या गैरहजेरीत झालेली असते.

चित्र गेले, सूर राहिला

याच मुलखात एका कलेने मात्र जग जिंकले, आणि तिच्याशी तुलना उद्बोधक आहे. लग्नाचा चौक लिहिणे हे वारल्यांत बायकांचे काम होते. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागदावर आणि कापडावर आणले, लग्नाविना, रोज. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये त्यांचे काम पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात मांडले गेले, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. त्यांच्यामागे आज कितीतरी तरुण चित्रकार या तालुक्यांत काम करीत आहेत. अर्थात तरुण प्रतिभा आटलेली नाही. जिथे हाताला काम आणि कामाला मोल आहे तिथे ती गर्दी करून येते.

चित्र भिंतीवर टांगता येते, घडी करून पाठवता येते, आणि चित्रकार रात्रपाळीहून आल्यावर दुपारी एकटा बसून ते काढू शकतो. फेर घडी करता येत नाही. त्यामुळे झाले असे की, तारप्याचे चित्र विमानतळापर्यंत पोहोचले आणि तारप्याचा सूर पाड्यावरच राहिला. ज्यांच्या दिवाणखान्यात ही नागमोडी रांग टांगलेली आहे, त्यांपैकी किती जणांनी मधल्या त्या माणसाच्या हातातले वाद्य कधी ऐकले असेल?

शासनाने सुराचाही गौरव केला आहे. शेजारच्या जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ च्या प्रजासत्ताकदिनानिमित्त पद्मश्री जाहीर झाली. नव्वदी ओलांडलेल्या या तारपकऱ्याच्या घरात हे वाद्य अनेक पिढ्यांचे आहे आणि वाद्य घडवण्याची विद्याही त्याच घरची आहे. हा सन्मान उशिरा झाला, पण योग्य माणसाचा झाला. त्याबद्दल आनंदच व्यक्त केला पाहिजे. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पुरस्कार माणसाला देता येतो, फेराला देता येत नाही. ऑझी ऑस्बोर्नच्या अखेरच्या मैफलीला जग लोटले, पण जिथे अशा मुलांनी पहिली गिटार छेडावी त्या इंग्लंडमधल्या छोट्या जागा टिकवण्यासाठी २०१४ मध्ये एक स्वतंत्र संस्था काढावी लागली. वृद्धांचा सत्कार करणे सोपे असते. तरुणांना बेसूर वाजवायला जागा देणे अवघड.

बँड या शब्दाचा मराठी अर्थ

मग डहाणू-तलासरीत आज तरुण वादक नाहीतच का? आहेत, आणि भरपूर आहेत. ते दिसत नाहीत याचे कारण आपण त्यांना चुकीच्या महिन्यात शोधतो.

बँड या शब्दाचा मराठी माणसाच्या मनातला पहिला अर्थ गिटार-ड्रम्स हा नाही. लग्नाचा बँड हा आहे. पलटणींच्या पितळी वाद्यांतून तो आपल्याकडे आला. त्यानंतर किनारपट्टीवर बेंजो आला. या वाद्याची कुळकथा मोठी गमतीची आहे: १९१२ च्या सुमारास जपानमध्ये तयार झालेले, टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले एक तंतुवाद्य भारतात बुलबुलतरंग झाले, आणि त्याला वीज जोडल्यावर मुंबई-कोकणच्या वरातींत आणि विसर्जनांत बेंजो पार्टी अवतरली. वीज जोडलेली तार, मोठा आवाज, चार-पाच तरुण पोरे आणि समोर नाचणारा जमाव. रॉकची याहून वेगळी व्याख्या करून पाहावी. सहजी करता येत नाही.

बेंजोच्या पाठोपाठ की-बोर्ड आला, ऑक्टोपॅड आला, टेम्पोवर रचलेले भोंगे आले. आज उन्हाळ्यातल्या लग्नसराईत डहाणू-तलासरीच्या रस्त्यांवर तरुणांचे असे कितीतरी संच वाजताना ऐकू येतात, आणि त्यांच्या की-बोर्डमधून निघणाऱ्या कित्येक चाली तारप्याच्या असतात. न तुटणारा तो सूर आता वीज पुरवते, गाल नव्हे. समोर फेर धरला जातो, कमरेला हात घातले जातात. कारखान्यातून लग्नाला रजा मिळते, भातकापणीच्या नाचाला मिळत नाही. यजमान लग्नात वाजवणाऱ्याला पैसे देतो, खळ्यावर देणारा कुणी नसतो. म्हणून संगीत आश्विनातून वैशाखात सरकले. खळे मोडले नाही, त्याने जागा बदलली.

याला कुणी ऱ्हास म्हणेल. प्रस्तुत लेखकाला ते मान्य नाही. पण नुसते कौतुक करून भागणारेही नाही. तारपकरी नाचणाऱ्यांचे पाय पाहून चाल लांबवतो, आखडतो. फेरातली म्हातारी दमली तर तो जाणतो. यंत्रात भरलेला ठेका हे जाणत नाही. भोंग्यांच्या आवाजात फेर वादकाभोवती फिरत नाही, टेम्पोमागे चालतो. वाद्य घडवण्याची विद्या तर या वाटेने पुढे जातच नाही: की-बोर्ड वाजवणाऱ्या पोराला कुठला भोपळा निवडावा आणि जीभ किती पातळ तासावी हे कळण्याचे कारण नाही. आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला असलेली मनाई याही संगीताला आहेच. विजेशिवाय वाजणाऱ्या तारप्याला ती नव्हती.

तेव्हा जपायचे काय, याचा निर्णय नीट केला पाहिजे. आश्रमशाळेच्या स्नेहसंमेलनात दहा मिनिटांचा तारपा नाच बसवला जातो, ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत तारपकरी पुढे चालतो, पाहुण्यांच्या स्वागताला त्याला उभे केले जाते. हे सर्व असू द्यावे. पण दहा मिनिटांत तारपकरी घडत नाही, जसा वर्षातल्या एका महोत्सवाने रॉक बँड घडत नाही. त्यासाठी रात्री लागतात. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आश्रमशाळांतून एखाद-दुसरी सबंध रात्र मोकळी ठेवावी, पाड्यावरचा जुना तारपकरी मानधन देऊन बोलवावा, आणि त्याच्याबरोबर लग्नसराईत की-बोर्ड वाजवणाऱ्या मुलांनाही बोलवावे. त्या मुलांच्या पायांत आणि कानांत चाली आधीच आहेत, अडचण आहे ती फक्त गालांची. मुंबईसारख्या शहरात एखाद्या सभागृहाने दर शनिवारी दोन अनोळखी बँडांना तासभर द्यावा. दोन्हींचा खर्च पुरस्कार-सोहळ्याहून कमीच येईल.

ज्या अभंगांना रॉकचा साज चढवून अभंग रिपोस्ट हा मुंबईचा बँड तरुणांपुढे गातो, ते अभंगही टिकले ते ग्रंथालयात नव्हे, वारीत. वर्षानुवर्षे त्याच वाटेने, त्याच ठेक्यावर, हजारो बेसूर गळ्यांत. सुरेल गळे त्यांतूनच वर आले.

थोर तरुण बँड आज निपजतात का, असे विचारणाऱ्या चाळिशीपलीकडच्या रसिकाला म्हणूनच एक उलट प्रश्न विचारावासा वाटतो. आपण गेल्या वर्षभरात किती अनोळखी पोरांचे अर्धेकच्चे वाजवणे उभे राहून ऐकले? तलासरीच्या पाड्यावर थोर तारपकऱ्याची सुरुवात त्याच्याभोवती नाचायला तयार असलेल्या शेजाऱ्यांपासून होत असे. तो थोर आहे की नाही हे तोवर कुणालाच, त्यालाही, माहीत नसे.